आठवीनंतरची पायरी

माध्यमिक शाळेचे काम चार गोष्टींवर चालते: विद्यार्थ्याला काय यायला हवे हे सांगणारा निकष, ते यावे म्हणून वर्गात होणारे शिकवणे, ते आले की नाही हे पाहणारे मूल्यमापन आणि ज्याला आले नाही त्याला मिळणारा आधार. या चौघांचा मेळ असेल तर नववीत गडबडलेले मूल दहावीपर्यंत सावरते. मेळ नसेल तर पुस्तकात एक, फळ्यावर दुसरे आणि पेपरात तिसरेच, अशी गत होते. महाराष्ट्रात हा मेळ बसवणे जड जाते, कारण चारही गोष्टींचे धनी वेगळे आहेत. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके पुण्यात ठरतात. दहावीचा पेपर राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ काढते. १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेले हे मंडळ १ जानेवारी १९६६ पासून काम करते आणि त्याचे एक विभागीय कार्यालय अमरावतीला आहे. शिकवण्याची जबाबदारी खासगी संस्थांच्या अनुदानित शाळांवर आहे. आधाराचा कारभार तर शिक्षण खाते, समाजकल्याण, आदिवासी विकास आणि एसटी महामंडळ इतक्या दारांत वाटलेला. हे सगळे एकत्र येण्याची जागा एकच उरते, ती म्हणजे तालुक्यातला एखादा वर्ग आणि त्यात खडू घेऊन उभा असलेला विषयशिक्षक.

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यात हा प्रश्न जवळून दिसतो. वर सातपुडा, मधून पूर्णा, विश्रोळीला तिच्यावरचे धरण. वावरांत पऱ्हाटी, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या बागा. लहान गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवी किंवा आठवीपर्यंत असते. पुढे शिकायचे तर चांदूर बाजार, शिरजगाव कसबा, ब्राह्मणवाडा थडी, करजगाव, आसेगाव अशा मोठ्या गावांकडे जावे लागते. एकाच हायस्कूलच्या आठवी-नववीच्या वर्गात त्यामुळे पाच-सहा गावांच्या शाळांतून आलेली मुले शेजारी शेजारी बसतात. कुणाची गुणाकाराची बैठक पक्की, कुणाला अपूर्णांक म्हटले की घाम. सोबत शाळा सोडल्याचा दाखला येतो, जन्मतारीख येते, जात येते, आधार क्रमांक येतो. मुलाला नेमके काय येते आणि काय येत नाही, हे सांगणारा कागद त्या गठ्ठ्यात सहसा नसतो. असला तरी त्यावर श्रेणी असते. 'ब-१' वरून ऋण संख्यांची बेरीज जमते की नाही हे कळण्याची सोय नाही.

अडचणीचे मूळ आठवी आणि नववी यांच्या सांध्यात आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाला आणि आठवीपर्यंतच्या शिक्षणाला लागू होतो. त्यानुसार महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. आकारिक म्हणजे शिकता शिकता होणारे आणि संकलित म्हणजे सत्राअखेरचे, असे त्याचे दोन भाग. कल्पना चांगली होती: चाचणी ही मुलाला मागे ठेवण्यासाठी नसून शिक्षकाला पुढे काय करायचे ते सांगण्यासाठी आहे. पण नववीचा वर्ग सुरू होताच हा सगळा विचार गळून पडतो आणि टक्क्यांचे राज्य सुरू होते. त्याच वेळी आधारही काढून घेतला जातो. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत, नापास न करण्याचे धोरणही २०२३ पर्यंत आठवीपर्यंतच होते. पाचवी ते दहावी एकाच इमारतीत असलेल्या शाळेत दुपारच्या सुट्टीत हे डोळ्यांनी दिसते: एका व्हरांड्यात आठवीची मुले ताटे घेऊन खिचडीच्या रांगेत आणि तीन महिन्यांपूर्वीपर्यंत त्याच रांगेत असलेली नववीची मुले पलीकडे डबा उघडून बसलेली, किंवा डबा नाही म्हणून नळाजवळ रेंगाळणारी. निकष जिथे एकदम उंच होतो, नेमका तिथेच आधार कापला जातो. ही मांडणी कुणी मुद्दाम केलेली नाही. कायद्याची हद्द तिथे संपते, एवढेच. परिणाम मात्र मुद्दाम केल्यासारखाच होतो.

डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापासांसाठी पुनर्परीक्षा आली, त्यामुळे आठवीची ढिलाई काहीशी कमी झाली. तरी नववीच्या शिक्षकाचा पहिला पेच कायम आहे. जुलैत वर्ग हाती येतो तेव्हा पुस्तक म्हणते बहुपदी शिकवा, आणि समोरच्या काही मुलांना भागाकार येत नाही. हे एकट्या वऱ्हाडाचे दुखणे नव्हे. १४ ते १८ वयाच्या मुलांच्या २०२३ च्या 'असर' पाहणीत देशभरातील निवडक जिल्ह्यांतली सुमारे पाव मुले आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सहज वाचू शकली नाहीत आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागण्याचे गणित फक्त ४३.३ टक्क्यांना जमले. या पेचातून पळवाटही निघाली. दहावीचा निकाल वर्तमानपत्रात येतो, नववीचा येत नाही. म्हणून कच्ची मुले नववीतच अडवून दहावीचा निकाल राखण्याची युक्ती राज्यभरच्या शाळांत वर्षानुवर्षे चालत आली. तिथे अडलेले मूल पुन्हा तेच पुस्तक, तोच वेग आणि तोच फळा अनुभवते. कुठे अडले ते पाहिले जात नाही. आणि दुसऱ्या वर्षी त्याचे नाव पटावर राहीलच याची खात्री नसते.

निकषांचा इतिहास तसा लांब आहे. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीनंतर महाराष्ट्रात अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली. पहिली परीक्षा १९७५ ची. १९९५ च्या प्राथमिक अभ्यासक्रमात किमान अध्ययन क्षमता आल्या. २०१७ मध्ये केंद्राने प्राथमिक टप्प्यासाठी अध्ययन निष्पत्ती नियमांतच घातल्या. नववीची सध्याची पुस्तके २०१७-१८ पासून आणि दहावीची २०१८-१९ पासून चालू आहेत. विद्यार्थ्याने काय करून दाखवावे याची विधाने त्यांच्या सुरुवातीच्या पानांत छापलेली असतात. ती विधाने वाईट नाहीत. दैनंदिन जीवनातील उदाहरणे समीकरणाच्या रूपात मांडता येणे, मिळालेल्या माहितीवरून निष्कर्ष काढता येणे, असा त्यांचा सूर आहे. पण पुस्तक हाती पडल्यावर शिक्षक आधी प्रकरणांची यादी उघडतो, नंतर गुणांचा भारांश पाहतो आणि मग तासांची वाटणी करतो. विधानांचे पान तपासणीच्या दिवशी टाचणात उतरवण्यापुरते उघडले जाते. याला शिक्षकाचा आळस म्हणणे सोपे आहे. खरे कारण असे की त्या विधानावर मुलाला कुणी गुण देत नाही आणि शाळेलाही कुणी जाब विचारत नाही.

वेळेची वाटणी हाही निकषाचाच भाग आहे आणि तिथे विदर्भाचे गणित थोडे निराळे पडते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात, उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्याला. दहावीचा पेपर मात्र सगळीकडे एकाच दिवशी. त्यात चांदूर बाजारचे स्वतःचे पंचांग आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पाठोपाठ कापसाची वेचणी, त्याच सुमारास आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड. कास्तकाराच्या आणि मजुराच्या घरचे पंधरा वर्षांचे पोर हे दोन मजूर हात असतात. दिवाळीनंतरच्या हजेरीपटावर त्याच्या खुणा दिसतात. डिसेंबरच्या २० तारखेच्या आसपास सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते आणि महिनाभरावर चालते. रोडगे आणि हंडीच्या मटणाच्या पंगती उठतात, पाहुणे येतात. नेमक्या याच काळात दहावीचा अभ्यासक्रम संपवून सराव परीक्षा घ्यायची असते. वर्षाचे नियोजन जो शिक्षक जूनमध्ये पुण्याच्या हिशेबाने करतो त्याचे गणित नोव्हेंबरात कोलमडते. अनुभवी शिक्षक अवघड प्रकरणे, म्हणजे समरूपता, वर्गसमीकरणे, पुढच्या इयत्तेतही लागणारे बीजगणित, पावसाळ्यातच उरकून घेतो आणि वेचणीच्या दिवसांसाठी सांख्यिकी, अर्थनियोजन अशी एकेका तासात तुटक शिकवता येणारी प्रकरणे राखून ठेवतो. हे कुठल्या प्रशिक्षणात सांगितले जात नाही. जुन्या शिक्षकाकडून नव्याकडे जाते.

शिकवण्यावर सर्वांत मोठी सत्ता पेपरची असते. 'हे पेपरले येते का, सर?' हा प्रश्न वर्षभर वर्गात घुमत असतो आणि त्याचे उत्तर 'नाही' आले की वह्या मिटतात. म्हणून पेपरचा आराखडा बदलला की शिकवणे आपोआप बदलते, मग निकषांचे पान कुणी वाचो न वाचो. २०१९ च्या परीक्षेपासून भाषेची प्रश्नपत्रिका 'कृतिपत्रिका' झाली. आकृतिबंध पूर्ण करा, स्वमत लिहा, बातमी, जाहिरात, सारांश असे उपयोजित लेखन करा, असा तिचा घाट. गणितातही चौकटी भरून कृती पूर्ण करण्याचे प्रश्न आले. पाठांतराला आळा बसावा हा त्यामागचा हेतू होता आणि काही अंशी तो साधला. उताऱ्यावरच्या आकृत्या भरायच्या म्हणून का होईना, मुले उतारा खरोखर वाचू लागली. पण बाजारानेही आपली सोय लावली. अपेक्षित प्रश्नसंचांत बातम्यांचे साचे आले. 'आमच्या वार्ताहराकडून' पासून 'उपस्थितांचे आभार मानले' पर्यंतची वाक्ये पाठ करून मुले यायला लागली. मधे वृक्षारोपण घाला, नाहीतर विज्ञान प्रदर्शन. ज्या वर्गात शिक्षकाने बहिरमच्या यात्रेची, नाहीतर बाजारात संत्र्याचे भाव पडल्याची बातमी लिहायला सांगितली, तिथे साचा मोडतो. मुलाला माहिती भरपूर असते आणि ती कुठल्या क्रमाने लिहायची हा खरा प्रश्न त्याच्यापुढे येतो. निकषाला हेच हवे आहे.

मूल्यमापन आणि शिकवणे यांचा सांधा कसा असतो, हे घटक चाचणीच्या एका गठ्ठ्यावरून नीट समजते. दहावीच्या बीजगणितातले पहिले प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे. समजा शिक्षकाने चार गुणांचे गणित असे घातले: एका बागायतदाराने मोठे आणि लहान मिळून ४० क्रेट संत्री भरली, मोठ्या क्रेटमध्ये २० किलो आणि लहानात १२ किलो माल बसतो, एकूण माल ६८० किलो झाला, तर मोठे क्रेट किती? उत्तर २५ मोठे, १५ लहान. तपासताना उत्तरपत्रिकांचे तीन ढीग होतात. पहिल्या ढिगातली मुले क्ष अधिक य बरोबर ४० लिहून थांबतात, किंवा दुसऱ्या ओळीत पुन्हा क्ष अधिक य बरोबर ६८० लिहितात. क्रेटची संख्या आणि क्रेटमधले वजन यांतला फरक त्यांनी समीकरणात उतरवलेला नाही. दुसऱ्या ढिगातल्यांनी दोन्ही समीकरणे बरोबर मांडली, पण वजाबाकी करताना दुसऱ्या ओळीची चिन्हे बदलली नाहीत; हा कच्चेपणा सातवीचा आहे. तिसऱ्या ढिगातल्यांनी क्ष काढला आणि तिथेच पेन ठेवले. य काढून ताळा पाहिला नाही, उत्तर वाक्यात लिहिले नाही. गुणपत्रकात या तिघांनाही दीड-दोन गुण पडतात आणि तिघेही 'कच्चे' या एकाच रकान्यात जातात.

या तिघांना लागणारा आधार मात्र वेगळा आहे. पहिल्याला शाब्दिक उदाहरणाचे वाचन हवे, तेही गणिताच्या शिक्षकाइतकेच मराठीच्या शिक्षकाकडून. दुसऱ्याला ऋण संख्यांचे आठवडाभराचे काम पुरते. तिसऱ्याला फक्त सवय हवी. गुणांचा रकाना पाहून घेतलेल्या जादा तासाला तिघेही एकत्र बसतात आणि तिघांनाही तेच प्रकरण पुन्हा पहिल्यापासून शिकवले जाते. उपचारात्मक अध्यापन म्हणून शाळाशाळांत चालते ते बहुतेक हेच. गंमत अशी की याच मुलांना क्रेमरच्या रीतीने निश्चयक काढून उत्तर आणायला सांगितले तर पहिल्या ढिगातलेही कितीतरी जण बिनचूक आणतात, कारण समीकरणे तयार मिळालेली असतात. चौकटी भरण्याच्या कृतीतही तेच: सांगाडा दिलेला असतो, मुलाने रिकाम्या जागा भरायच्या. त्यामुळे पेपरमध्ये पास होण्याइतके गुण जमतात आणि निकष ज्या क्षमतेबद्दल बोलतो ती, म्हणजे परिस्थिती समीकरणात मांडण्याची क्षमता, तशीच राहून जाते. गठ्ठा तपासून झाल्यावर गुण नोंदवहीत चढवण्याआधी शिक्षकाने हे तीन ढीग पाहिले आणि पुढच्या आठवड्याचे टाचण त्याप्रमाणे बदलले, तर निकष, शिकवणे, मूल्यमापन आणि आधार या चौघांचा मेळ तिथे बसला. बाकी परिपत्रकांत असतो तो मेळ कागदावरचा. यासाठी लागतो एक मोकळा तास आणि सत्तरच्या जागी चाळीसच्या आसपास पट; वऱ्हाडातल्या अनेक शाळांत विषयशिक्षकांच्या जागा रिकाम्या असताना या दोन्ही गोष्टी सहज मिळत नाहीत, हेही खरे.

शिक्षकाच्या हातात पूर्णपणे असलेला मूल्यमापनाचा भाग म्हणजे अंतर्गत २० गुण. भाषेत श्रवण आणि भाषण, विज्ञानात प्रात्यक्षिक, गणितात गृहपाठ आणि छोट्या चाचण्या. वर्षभराच्या निरीक्षणावर हे गुण द्यावेत अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात जानेवारी-फेब्रुवारीत, मंडळाच्या तारखेच्या आधी, एका बैठकीत याद्या भरल्या जातात आणि रकान्यात अठरा, एकोणीस, अठरा, वीस असे आकडे पडतात. एकटा शिक्षक यात बदल करू शकत नाही. आपण प्रामाणिकपणे बारा दिले आणि शेजारच्या शाळेने एकोणीस, तर भोगायचे आपल्या मुलाने. उत्तीर्ण व्हायला शंभरात पस्तीस लागतात. अंतर्गतचे अठरा पदरात पडले की अर्ध्याहून जास्त वाट चालून झालेली असते. २०१९ च्या परीक्षेत भाषेचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. अभ्यासक्रम नवा, पेपरचा घाट नवा आणि त्यात हे. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांच्या मुलांपुढे राज्य मंडळाची मुले मागे पडतील अशी ओरड झाली, ऑगस्ट २०१९ मध्ये अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले होते, हेही लक्षात घ्यायला हवे. तरी एका वर्षात अठरा टक्क्यांची उडी मुलांच्या शिकण्यात पडत नसते. निकाल हा शिकण्याइतकाच गुणांच्या रचनेचा असतो, हे त्या दोन वर्षांनी उघड केले.

वीस गुणांच्या तोंडी परीक्षेत खरी संधी दडलेली आहे आणि ती वऱ्हाडात ठळक दिसते. घरी 'मले', 'तुले' बोलणारे पोर बहिरमच्या यात्रेचे किंवा रात्री ओलिताला गेल्यावर भेटलेल्या रानडुकराचे वर्णन असे रंगवते की वर्ग हसून लोटपोट होतो. त्यालाच 'प्रमाण भाषेत बोल' म्हटले की तोंड बंद. सातपुड्यातून खाली शिकायला आलेल्या कोरकू मुलाला तर दोन पायऱ्या चढायच्या असतात: आधी वऱ्हाडी, मग पुस्तकी मराठी. तोंडी परीक्षेत मूल्य द्यायचे ते मुद्देसूद सांगण्याला की क्रियापदांच्या प्रत्ययांना, याचा निवाडा शिक्षकच करतो. जो शिक्षक जुलैपासून मुलाला आधी त्याच्या बोलीत सांगू देतो, मग तेच लिहायला लावतो आणि शेवटी दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवतो, त्याच्या वर्गात फेब्रुवारीच्या तोंडी परीक्षेला काही अर्थ उरतो. एरवी एकोणीस गुण भरून टाकणे हीच त्यातल्या त्यात दयाळू रीत.

करोनाच्या काळात ही सगळी यंत्रणा उघडी पडली. २०२०-२१ मध्ये अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केला, आणि शेवटी परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालावर ५० गुण, दहावीच्या वर्षभराच्या लेखी मूल्यमापनावर ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकावर २० अशी विभागणी ठरली. १६ जुलै २०२१ ला लागलेला निकाल ९९.९५ टक्के होता. ज्या नववीच्या नोंदींकडे एरवी कुणी पाहत नव्हते त्यांना अचानक निम्मे वजन आले आणि अनेक शाळांत जुन्या नोंदवह्यांची शोधाशोध झाली. त्याच जुलैपासून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास चालवला. मागच्या इयत्तेतल्या नेमक्या क्षमता, त्यांवर दिवसवार कृतिपत्रिका आणि मध्ये तीन चाचण्या, अशी त्याची रचना होती. घाई, नेटवर्क नसणे, छापील प्रती न पोहोचणे असे त्याचे दोष पुष्कळ सांगता येतील. तरी निकष, शिकवणे, चाचणी आणि आधार या चारही गोष्टी एकाच पुस्तिकेत बांधण्याचा राज्यभर झालेला प्रयत्न म्हणून सेतू अभ्यासाचे महत्त्व मानावे लागते. नववीच्या सुरुवातीला दरवर्षी असे सहा आठवडे मिळाले असते तर, हा विचार शिक्षकांच्या बोलण्यात अजून येतो. नववीच्या तासांतून ते सहा आठवडे कुठून काढायचे, या प्रश्नावर तो विरतो.

आधाराची परंपरा वऱ्हाडात जुनी आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी (१८९८-१९६५) अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले आणि श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने हायस्कुले गावोगाव नेली, ती एक साधी गोष्ट ओळखून: कुणब्याच्या पोराला शहरात राहायची सोय नसेल तर परीक्षेचा दर्जा कितीही चांगला असो, तो त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आज राहण्याच्या सोयीची जागा एसटीच्या पासने घेतली आहे. अहिल्यादेवी होळकर योजनेत मुलींना मोफत पास मिळतो आणि त्याने मुलींची गळती कमी झाली, हे शिक्षक एकमुखाने सांगतात. पण पास असून उपयोग नाही जर संध्याकाळची गाडी साडेपाचला सुटत असेल आणि जादा तास पाचला सुरू होत असेल. उपचारात्मक तासाला नेमक्या बाहेरगावच्या मुली नसतात, आणि ज्यांना गरज कमी ती गावातली मुले बसतात. काही शाळांनी म्हणून जादा तास शाळा भरण्याआधी घेतला, काहींनी मधल्या सुट्टीत. शिष्यवृत्त्यांचेही असेच काहीसे उलटे होते. आठवीत घेतली जाणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. गरीब घरच्या हुशार मुलाला ती मोठी मदत आहे. गरीब घरच्या अडखळणाऱ्या मुलासाठी तशी योजना नाही. अपंगत्व किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला दहावीत तासाला २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते, ते जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते, आणि मुलाला अशी काही अडचण आहे ही शंका कुणाला तरी सातवी-आठवीतच यायला हवी.

मापण्याची साधने अलीकडे वाढली आहेत. 'स्टार्स' या शालेय सुधारणा प्रकल्पात २०२३-२४ पासून पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या. राष्ट्रीय पातळीवर 'परख' या मूल्यमापन केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीची पाहणी केली. तिच्यात नववी आहे, हा चांगला बदल. पण पाहणीचा निष्कर्ष जिल्ह्याचा असतो. करजगावच्या नववी 'ब' च्या शिक्षकाला त्यातून सोमवारी काय शिकवायचे ते कळत नाही. दहावीच्या निकालाचेही तसेच. मंडळाकडून शाळेला विषयवार गुण येतात, प्रश्नवार येत नाहीत. शाळेची मुले भूमितीत पडली की बीजगणितात, प्रमेयात पडली की रचनेत, हे शाळेला कळायचा अधिकृत मार्ग नाही.

एक अनधिकृत मार्ग आहे. मंडळाचे परीक्षक म्हणून ज्यांनी इतर जिल्ह्यांतल्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, नियामकांच्या बैठकीत बसून कुठल्या पायरीला अर्धा गुण आणि कुठल्या पायरीला शून्य हे ठरताना ऐकले आहे, ते शिक्षक वेगळे शिकवतात. राज्यभरची मुले कुठे घसरतात हे त्यांनी एका महिन्यात पाहिलेले असते. सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या अनेक दिवसांत जे हाती लागत नाही ते या गठ्ठ्यांत लागते. ही जाण शाळेच्या शिक्षक-खोलीत, चहाच्या पेल्यावर थोडीफार वाटली जाते आणि तो शिक्षक निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जाते. तालुक्यातल्या गणित शिक्षकांनी वर्षातून दोनदा एकत्र बसून एकच प्रश्नपत्रिका काढायची, एकमेकांच्या शाळेचे गठ्ठे तपासायचे आणि चुकांच्या याद्या जुळवायच्या, इतके केले तरी अंतर्गत गुणांची चढाओढ कमी होऊन निकषाला एक स्थानिक माप मिळू शकते. सराव परीक्षेची सामाईक प्रश्नपत्रिका अनेक तालुक्यांत निघते. गठ्ठे बदलण्याची पायरी तेवढी राहून जाते.

राहता राहिले ते दहावीत अनुत्तीर्ण झालेले विद्यार्थी. सहा विषयांतून उत्तम पाच धरण्याची पद्धत २०१० पासून आहे, पण ती टक्केवारीसाठी. गणित किंवा इंग्रजीत पडलेल्याला तिचा उपयोग नाही. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरात होत असे. २०१५ पासून ती त्याच वर्षी जुलैच्या सुमारास होऊ लागली आणि मुलांचे वर्ष वाचू लागले. पण विदर्भात इथेही तारखांचा अडथळा येतो. निकाल मे महिन्यात लागतो तेव्हा शाळा बंद असते. ती जूनच्या अखेरीस उघडते तोपर्यंत पुरवणी परीक्षा दारात आलेली असते. या पाच-सहा आठवड्यांत मुलाचे नाव दहावीच्या पटावर नसते, अकरावीच्याही नसते, म्हणून त्याला शिकवणे हे कुणाचेच नेमून दिलेले काम नाही. भर उन्हात, सकाळी सात ते नऊ, शाळेची एक खोली उघडून गणित-इंग्रजीचे वर्ग घेणारे शिक्षक तालुक्यात भेटतात. ते हजेरी घेतात ती साध्या वहीवर. पुरवणीत सुटलेला विद्यार्थी अकरावीच्या उरलेल्या फेऱ्यांत किंवा आयटीआयच्या जागांसाठी अर्ज करतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाल्याने चांदूर बाजारच्या मुलालाही पसंतीक्रम भरावा लागतो, आणि तो भरून देण्यासाठी तो पुन्हा त्याच शिक्षकाकडे येतो.